सोलापूर ते न्यू जर्सी : अंतर किती, वेळ किती?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थिरावली की सोलापुरातल्या घरात हा प्रश्न निघतोच : "किती तासांचा प्रवास आहे गं?" पलीकडून उत्तर येते, "सोळा तासांची फ्लाइट आहे, आई. एकदा बसलं की थेट उतरायचं." हे उत्तर खोटे नाही, पण ते मुंबईकराचे आहे. जुळे सोलापुरातल्या घराला कुलूप लावल्यापासून एडिसनमधल्या घराची बेल वाजेपर्यंतचे तास मोजले, तर आकडा तिसाच्या पुढे जातो आणि त्यातले फार तर निम्मे तास विमान हवेत असते. उरलेले तास कुठे जातात, त्यातले किती वाचवता येतात आणि कोणते वाचवायचे नसतात, हे तिकीट काढण्याआधी समजले तर प्रवास सुसह्य होतो.

म्हणून या लेखातला हिशेब विमानतळ ते विमानतळ नाही, घर ते घर आहे.

अंतर : नकाशावर नको, गोलावर मोजा

अंतराचे आकडे दोन तऱ्हेचे असतात. एक सरळ हवाई अंतर, दुसरे प्रत्यक्ष वाटेचे. सोलापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आहे. रस्त्याने तेच ४०० च्या आसपास होते आणि रेल्वेने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ४५५. लांबच्या प्रवासातही असाच फरक पडतो, फक्त तो हजारांत मोजावा लागतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबईहून न्यू यॉर्ककडे पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान आणि आफ्रिकेवरून अटलांटिकमध्ये जाते. विमान मात्र त्या वाटेने जात नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यू यॉर्क दोरा ताणून धरा. सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही. ताणलेला दोरा उत्तरेकडे सरकतो आणि पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंडची बाजू असे करत कॅनडावरून खाली उतरतो. हीच गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट. सॅन फ्रान्सिस्कोसाठी दोरा ताणला तर तो आणखी वर, उत्तर ध्रुवाच्या बऱ्याच जवळून जातो.

या रीतीने काढलेली हवाई अंतरे साधारण अशी :

- मुंबई – दुबई : १,९३० किलोमीटर
- हैदराबाद – सिंगापूर : ३,३०० किलोमीटर
- मुंबई – लंडन : ७,२०० किलोमीटर
- मुंबई – न्यूअर्क (न्यू जर्सी) : १२,५५० किलोमीटर
- मुंबई – सॅन फ्रान्सिस्को : १३,५०० किलोमीटर

सोलापूरहून थेट मोजले तर न्यूअर्क १२,८३० किलोमीटरवर आणि लंडन ७,५४० किलोमीटरवर येते. इंटरनेटवर 'सोलापूर ते न्यू जर्सी' असे विचारल्यावर दिसणारा आकडा बहुधा हाच असतो. हिशेबाची सुरुवात म्हणून तो ठीक आहे, पण त्या रेघेवरून जाणारे विमान सोलापूरहून सुटत नाही.

किलोमीटरचे तास कसे होतात?

मोठे प्रवासी जेट विमान उंचीवर पोचल्यावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. घरच्या घरी अंदाज करायचा तर किलोमीटरला ८५० ने भागा आणि धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढणे, उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवा. लंडनसाठी उत्तर येते नऊ तास, न्यूअर्कसाठी सव्वापंधरा. छोट्या पंख्याच्या विमानांचा वेग ताशी ५०० च्या आसपास असतो, त्यामुळे सोलापूर–गोव्याच्या सुमारे ३०० किलोमीटरनाही तासभर लागतो.

तिकिटावरची वेळ या अंदाजाहून निराळी दिसते. त्याची कारणे दोन.

पहिले कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात आणि थंडीत त्यांचा जोर वाढतो. युरोप-अमेरिकेला जाताना विमान या वाऱ्याला तोंड देत जाते आणि परतताना तोच वारा पाठीशी असतो. त्यामुळे न्यू जर्सीला जाण्यापेक्षा तिथून येण्याला तास-दीड तास कमी लागणे नेहमीचे आहे. जातानाच्या वेळेवरून परतीचा अंदाज बांधू नका.

दुसरे कारण राजकारण. दोऱ्याने दाखवलेली वाट ज्या देशांवरून जाते, ते आकाश उघडे असावे लागते. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. रशियाचे आकाश २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झाले. त्यामुळे दोन शहरे तीच असली तरी एका कंपनीचे विमान सरळ आणि दुसरीचे वळसा घालून जाते. काही वेळा इंधनासाठी मध्ये थांबावेही लागते. म्हणून मागच्या वर्षी शेजारी किती तासांत पोचले हे विचारण्यापेक्षा, ज्या तारखेला निघायचे त्या तारखेची त्या कंपनीची वेळ पाहा.

युद्ध वाट कशी लांबवते, हे सोलापूरला नवे नाही. इथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून बोटीने युद्धग्रस्त चीनला निघाले. येनानला पोचेपर्यंत फेब्रुवारी १९३९ उजाडला होता. सोलापूर ते येनान हवाई अंतर जेमतेम ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे लंडनच्या निम्मे.

बाहेर पडायचे दार कोणते?

सोलापूरकरासमोर चार वाटा आहेत. तिकिटाच्या दरात दोन-तीन हजारांचा फरक दिसला म्हणून वाट ठरवू नका. आधी दिशा पाहा आणि मग जमिनीवरचे तास मोजा.

*मुंबई.* आखात, युरोप, अमेरिका या पश्चिमेच्या प्रवासांसाठी पहिली पसंती. थेट विमाने सर्वांत जास्त इथूनच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईत पोचते. मात्र आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार आधी पाहा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोचवते. युरोप-अमेरिकेची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यांच्यासाठी वंदे भारत सोयीची, दुपारच्या विमानासाठी सिद्धेश्वर. मेट्रो ३ आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि दादरहून थेट टर्मिनल २ पर्यंत जाते. दोन माणसे आणि दोन हलक्या बॅगा असतील तर ती उत्तम. चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच करा.

*सोलापूर विमानतळ.* होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. ९ जून २०२५ ला गोव्याचे आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचे विमान सुरू झाले. हवेतला वेळ तासाभराचाच, त्यामुळे ज्येष्ठांना मोठा दिलासा. पण लहान विमानतळावर एक विमान रद्द झाले की दोन तासांनी दुसरे नसते. वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. म्हणून हे विमान धरायचे तर मुंबईचे मोठे विमान त्याच रात्रीचे असले तरी मध्ये भरपूर तास ठेवा. ऐन वेळी विमान रद्द झाले तर गाडीने किंवा मोटारीने मुंबई गाठता येईल, एवढी फुरसत हातात असलीच पाहिजे.

*हैदराबाद.* सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलियाकडे जायचे असेल तर मुंबईला जाणे म्हणजे आधी ३६० किलोमीटर उलट दिशेने जाणे. त्याऐवजी नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद या महामार्गाने हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर पडते. पटणचेरूपाशी बाह्यवळण रस्ता धरला की शहरातल्या गर्दीत न शिरता शमशाबादचा विमानतळ गाठता येतो. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांना ही वाट पाठ असते. बाकीच्या सोलापूरकरांना मात्र ती सहसा सुचत नाही. दुबई, दोहा, लंडन, फ्रँकफर्टचीही विमाने इथून आहेत, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्यांनीही एकदा तुलना करावी.

*पुणे.* रस्त्याने अडीचशे किलोमीटर आणि हुतात्मा एक्स्प्रेसची सोय, म्हणून जवळचे वाटते. पण लोहगावहून परदेशी थेट विमाने मोजकीच. बहुतेक वेळा तिथून दिल्ली किंवा अन्य शहरात जाऊन विमान बदलावे लागते. पुण्याला मुलीकडे मुक्काम करायचा असेल, तर मात्र ही वाट उपयोगाची.

मुंबईबाबत आणखी एक सावधगिरी. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, आणि जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनल आहेत. नुसते 'मुंबई' वाचून टॅक्सीवाल्याला पत्ता सांगू नका. विमानतळाचे पूर्ण नाव आणि टर्मिनलचा क्रमांक तिकिटावर पाहा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहा.

घर ते घर : एक हिशेब

समजा, मुंबईहून न्यूअर्कचे थेट विमान रात्री १.३० ला आहे, प्रवास १६ तासांचा आणि महिना मे. सगळ्या वेळा भारतीय घड्याळाने लिहू.

- पहाटे ५.१५ : घर सोडले
- सकाळी ६ : वंदे भारत सुटली
- दुपारी १२.३० : मुंबई, नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात जेवण, विश्रांती
- रात्री ९.३० ते १० : विमानतळावर
- रात्री १.३० : उड्डाण
- संध्याकाळी ५.३० : न्यूअर्कला उतरले
- रात्री ८ : इमिग्रेशन, सामान आणि मोटारीचा रस्ता उरकून मुलाच्या घरी

एकूण पावणेएकोणचाळीस तास. मोटारीने दुपारी बाराला निघालात आणि रात्री नवापर्यंत विमानतळ गाठलात तर हाच प्रवास बत्तीस तासांचा होतो. सात तास वाचले, पण दुपारची झोप गेली आणि घाटातल्या कोंडीची धाकधूक पदरी आली. शुक्रवार-शनिवारी द्रुतगती मार्गावर आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोरघाटात रेल्वे व रस्ता दोन्हीकडे खोळंबा होऊ शकतो. पावसाळ्यात निघणार असाल तर एक दिवस आधी मुंबईला मुक्कामाला जाणेच शहाणपणाचे.

तरुण माणसाने बत्तीस तासांचा पर्याय घ्यावा. साठी ओलांडलेल्या जोडप्याने एकोणचाळीस तासांचाच घ्यावा. मुंबईतल्या त्या आठ-नऊ तासांत आंघोळ होते, पाय लांब करून पडता येते आणि मग सोळा तास बसायचे बळ येते.

तारखेचा आणि घड्याळाचा घोळ

तिकिटावर '१५ मे, ०१.३०' असे असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच जायचे आहे, आणि सोलापूरहून १४ च्या पहाटे. मध्यरात्रीनंतरच्या विमानांत ही गफलत सर्रास होते : माणसे १५ च्या रात्री विमानतळावर पोचतात आणि विमान वीसेक तास आधीच गेलेले असते. रेल्वेचे तिकीट काढताना १४ की १५ हे घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या असतात. वरच्या उदाहरणात विमान १.३० ला सुटून तिथल्या घड्याळात त्याच तारखेच्या सकाळी ८ ला पोचते. साडेसहा तासच लागले असे वाटते. खरे म्हणजे मेमध्ये न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते.

हे साडेनऊ तास वर्षभर सारखे राहत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. थंडीत न्यू जर्सीचा फरक साडेदहा तासांचा होतो आणि कॅलिफोर्नियाचा साडेबारावरून साडेतेरा. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो; लंडन उन्हाळ्यात साडेचार, थंडीत साडेपाच तास मागे असते. दुबईचे घड्याळ बारा महिने दीड तास मागेच.

प्रवासाचे खरे तास काढायचे तर पोचण्याची वेळ भारतीय वेळेत बदला आणि मग वजाबाकी करा. उतरल्यावर घ्यायला येणाऱ्या मुलाला मात्र तिथलीच वेळ आणि तिथलीच तारीख कळवा.

एक तिकीट की दोन?

दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलायचे असेल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिले विमान उशिरा पोचून दुसरे चुकले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामान सहसा शेवटच्या गावापर्यंत जाते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण मधला धोका सगळा तुमचा. सोलापूर–मुंबईचे वेगळे घेतलेले विमान किंवा रेल्वे उशिरा आली, तर परदेशी विमान कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही, हे गृहीत धरूनच मधले तास ठेवा.

मधला थांबा किती असावा? दीड-दोन तासांत विमान बदलणे कागदावर जमते. पण मोठ्या विमानतळांवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायलाच अर्धा तास जाऊ शकतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी तीन ते चार तासांचा थांबा घ्यावा. अबू धाबीमार्गे अमेरिकेला जाताना अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच उरकते, त्यासाठी वेळ जास्त ठेवा. अमेरिकेत पोचल्यावर पुढे दुसऱ्या शहरात जायचे असेल तर एरवी पहिल्याच विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, तिथेही तीन तास हवेत.

काही देशांत नुसते विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि हे नियम बदलत राहतात. ज्या गावी थांबा आहे त्या देशाचा नियम तिकीट काढण्याआधीच पाहा.

ज्येष्ठांची तयारी

व्हीलचेअर मागण्यात कमीपणा नाही. चालता येत असले तरी लांब रांगा, भाषा आणि दरवाजे शोधणे यांतून सुटका होते. मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर पोचून नव्हे.

औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर हे विचारलेच पाहिजे. विमानात दर दोन तासांनी उठून चार पावले चाला, पोटऱ्या हलवा, पाणी पीत राहा. सोळा तास एकाच जागी बसून राहिले तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

एवढ्या लांबच्या प्रवासात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा सोलापूरचा शिधा कामाला येतो, कारण दोन्ही कोरडे आणि टिकाऊ. मात्र अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात सुमारे ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी हाताच्या सामानात असली तर जादा तपासणी होते. चटणीची मोठी पिशवी बॅगेत टाका, थोडीशी डब्यात जवळ ठेवा. उतरल्यावर सीमाशुल्काच्या माहितीत खाद्यपदार्थ असल्याचे सांगा. फळे आणि मांस नेऊ नका.

परतीचा हिशेब वेगळा मांडा

परतताना विमान लवकर पोचते, पण मुंबईला उतरण्याची वेळ बहुधा अडचणीची असते. रात्री नऊला उतरलात तर सामान घेऊन बाहेर पडायला साडेदहा वाजतात. सिद्धेश्वर साडेदहाच्या पुढेच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघते. ती मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका. वंदे भारत परतीला दुपारी चारच्या सुमारास निघते, म्हणजे रात्री उतरणाऱ्याला मुंबईत मुक्काम आहेच. त्याचे पैसे आणि दिवस आधीच धरा. सोळा तास जागून आलेल्या माणसाने रात्रभर मोटारीने सोलापूर गाठायचा हट्ट करू नये. चालक विश्रांती घेतलेला असेल तरच निघावे.

पैसे भरण्याआधी कागदावर लिहा

१. घरून निघण्याची तारीख, वार आणि वेळ.
२. विमानतळाचे पूर्ण नाव आणि टर्मिनल.
३. मोठ्या विमानाच्या आधी किती तास मोकळे आहेत, आणि गाडी किंवा छोटे विमान रद्द झाले तर दुसरी वाट कोणती.
४. मधला थांबा किती तासांचा, आणि तिथे व्हिसा लागतो का.
५. पोचण्याची वेळ दोन्ही घड्याळांत, तारखेसह.
६. घर ते घर एकूण तास.

सहाव्या ओळीतला आकडा पाहून प्रवास झेपेल की नाही ते ठरवा. झेपत नसेल तर मुंबईत किंवा थांब्याच्या गावी एक रात्र वाढवा आणि मग तिकीट काढा. तिसऱ्या ओळीपुढची जागा कोरी राहिली, तर अजून पैसे भरू नका.